पदवीचा ताळेबंद कोणाच्या वहीत?

महाविद्यालयीन प्रवेशाचा मोसम आला की घरोघरी एक हिशेब मांडला जातो. गणिताची पदवी घ्यायला कर्ज किती काढावे लागेल, पदवीनंतर महिन्याकाठी मिळेल किती, आणि वजाबाकी केल्यावर उरेल काय? उत्तर ऋण आले की निर्णय ठरलेला असतो : गणित परवडत नाही. याला व्यवहारज्ञान म्हणण्याची प्रथा पडली आहे. वजाबाकी बिनचूक असेलही. पण मांडणीच खोटी आहे. त्यातील कर्जाचा आकडा विद्यार्थ्याने ठरविलेला नाही, आणि मिळकतीचाही नाही. दोन्ही आकडे शासनाच्या धोरणाने ठरविले आहेत.

प्रथम कर्जाची बाजू पाहावी. गणित शिकविण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. फळा, खडू, ग्रंथालय आणि जाणता प्राध्यापक एवढ्यावर हा विषय उभा राहतो. तरीही तो शिकण्यासाठी कर्ज का काढावे लागावे? राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तोच आकडा पुन्हा लिहावा लागला, यातच सर्व काही आले. दरम्यान महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले गेले. २००० साली बिर्ला-अंबानी अहवालाने उच्च शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याकडूनच वसूल करावा व गरजूंना कर्जे द्यावीत, असे सुचविले. पुढच्याच वर्षी बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. हक्क होता, त्याची वस्तू झाली; वस्तू झाली, म्हणून सावकार आला.

आता मिळकतीची बाजू. शेतमजुराच्या मुलाने तालुक्याच्या गावी राहून तीन वर्षांची बी. एस्सी. आणि दोन वर्षांचे बी. एड. केले, शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ मिळून चार लाखांचे कर्ज झाले, असे समजू. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत ते फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे ५,२८६ रुपये येतो आणि एकूण फेड ६ लाख ३४ हजारांवर जाते. शिकत असतानाचे व्याज वेगळेच. नशिबाने माध्यमिक शाळेत जागा मिळाली, तरी पहिली तीन वर्षे तो 'शिक्षण सेवक'. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत माध्यमिकचे मानधन २०२३ पर्यंत ८,००० रुपये होते. ते १८,००० झाले. म्हणजे वाढीव मानधनाचाही २९ टक्के भाग बँकेचा. जो शिक्षकाला पूर्ण वेतन देत नाही, तोच समाज 'गणिताला पैसा नाही' असे म्हणतो!

जोखीम कोणाची, हेही पाहण्याजोगे आहे. २०१५ च्या पतहमी निधीने साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण कर्जात थकबाकीच्या ७५ टक्के रकमेची हमी बँकेला दिली. नोकरी न मिळाल्यास विद्यार्थ्याला कोणती हमी आहे? व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला, आणि मुळात कर भरण्याइतके उत्पन्न असणाऱ्याला. २०२४ ची विद्यालक्ष्मी योजना निवडक संस्थांपुरती आहे. आडगावचे महाविद्यालय त्या यादीत शोधूनही सापडणार नाही. त्याच वर्षी राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ केले. हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यातून एवढेच सिद्ध होते की इच्छा असली की पैसा सापडतो.

यावर एक ठराविक आक्षेप येतो. गणिताचे काही पदवीधर विमा कंपन्यांत, संगणक उद्योगात भरघोस कमावतात. त्यांचा खर्च गरीब करदात्याने का सोसावा? आक्षेप वरवर समतावादी, आतून पोकळ आहे. जो अधिक कमावतो त्याच्याकडून चढत्या दराने प्राप्तिकर घ्यावा. त्यासाठी सगळ्यांच्याच पायांत अठराव्या वर्षी बेडी घालण्याचे कारण नाही. चौघांच्या मिळकतीने सरासरी फुगते आणि उरलेले शेकडो शिकवणीवर्गांत तासांवर राबतात. सरासरीचा हा कावा गणिताच्या विद्यार्थ्याला तरी शिकवावा लागू नये.

१८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले र. पु. परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर शिकले. परत येऊन त्यांनी फर्ग्युसनमध्ये अल्प वेतनावर शिकविणे पत्करले. आजच्या ताळेबंदात ही पदवी तोट्याची ठरेल. तो नफा महाराष्ट्राच्या पिढ्यांच्या खात्यावर जमा झाला, म्हणूनच तो एका माणसाच्या वहीत दिसत नाही. परकीय राजवटीला एका विद्यार्थ्यासाठी जे परवडले, ते प्रजासत्ताकाला परवडू नये?

म्हणून कार्यकर्त्यांनी 'कोणती पदवी फायद्याची' या चर्चेत अडकू नये. सार्वजनिक महाविद्यालयांत विनाशुल्क शिक्षण, प्रत्येक तालुक्यात वसतिगृह, शिक्षण सेवक पद्धती रद्द करून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन, शिक्षक व प्राध्यापकांच्या रिक्त जागांची भरती आणि बेकार पदवीधरांच्या हप्त्यांना स्थगिती, या मागण्या गावोगावच्या सभांत मांडल्या पाहिजेत. मजुराच्या मुलाने गणित शिकावे की नाही, हे बँकेचा व्यवस्थापक ठरवीत असेल तर समान संधी हा शब्द संविधानात राहील, गावात येणार नाही.