पणजीची सहल आणि आजी

डिसेंबर उजाडला की आपल्या बेळगावच्या घराघरांतून गोव्याचे बेत शिजू लागतात. चोर्ला घाट उतरायचा, साखळी-डिचोलीवरून पणजी गाठायची, मिरामारच्या वाळूत हिंडायचे, मांडवीत बोटीची फेरी मारायची, जुन्या गोव्यातील चर्च पाहायची आणि तिसऱ्या दिवशी काजूची पाकिटे घेऊन परतायचे. हा कार्यक्रम इतका ठरून गेला आहे की त्यावर विचार करावा असे कोणाला वाटत नाही. मला मात्र या खेपेस वाटले. त्याचे कारण माझी आजी.

आजीचे माहेर डिचोली तालुक्यातले. वय ७९. गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर काठी टेकीत ती चालते, पण वाळूत तिचा पाय ठरत नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही तिला मोठ्या हौसेने बरोबर नेले. पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर निघालो तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जावा. मी बसते इथं." दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही गेलो. रात्री परतलो तो आजी लॉजच्या खोलीत अंधारात खुर्चीवर बसलेली. दिव्याचे बटण कोणते ते तिला कळले नव्हते, आणि कोणाला हाक मारावी हेही.

आजीला गोवा दाखवून आणला, असे आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगणार होतो. वस्तुतः आम्ही तिला घरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर नेऊन एका परक्या खोलीत एकटी ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "आज कुठे जायचे नाही." पणजीतली थंडी नावापुरतीच. डिसेंबरातही दुपारचा पारा ३० अंशांच्या वर जातो, तेव्हा बाहेर फार काही बुडत नव्हते. धाकट्या भावाने खालच्या दुकानातून पत्त्यांचा जोड आणला आणि गुलामचोर सुरू झाला. आई आमच्याबरोबर पत्ते खेळायला बसली. मला आठवते तेव्हापासून हे प्रथमच घडत होते. घरी तिला कोण बसू देतो? तिथे चूल नव्हती म्हणून तिचे हात मोकळे होते. तीन डाव आजी जिंकली. मग पत्ते तसेच पडले आणि ती बोलू लागली.

१९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. आम्ही हे पुस्तकात एका ओळीत वाचले आहे. आजीला ते बटाट्यावरून आठवते. बेळगावकडचा बटाटा यायचा बंद झाला आणि बाजारात हॉलंडचा बटाटा दिसू लागला. तिची मावशी बेळगावात दिलेली होती. ती मोठ्या बहिणीच्या लग्नाला येऊ शकली नाही. पुढे १९६१ च्या डिसेंबरात, आजी पंधरा वर्षांची असताना, भारतीय सैन्य गोव्यात शिरले. मागे हटणाऱ्या पोर्तुगिजांनी वाटेतले पूल उडवले. त्यांपैकी एका स्फोटाचा आवाज तिने घरात ऐकला होता. १९ डिसेंबरला पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. "आम्ही आधी मावशीला पत्र घातलं," आजी म्हणाली. बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. पन्नाशी उलटलेल्या तिच्या मुलालाही यातले काही ठाऊक नव्हते. त्याने कधी विचारले नव्हते, तिने कधी सांगितले नव्हते.

चौथ्या दिवशी आम्ही तिला पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात नेले. १८३२ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय आज कृष्णदास शामा यांचे नाव धारण करते. इमारतीत लिफ्ट आहे, बसायला खुर्च्या आहेत, मुलांसाठी वेगळा विभाग आहे. भाऊ तिकडे रमला. आजी एका पोर्तुगीज पुस्तकाचे नाव बोट फिरवीत हळूहळू वाचू लागली. पोर्तुगीज शाळेत ती दोन वर्षे गेली होती, हेही आम्हाला त्या दिवशी कळले. तिथून आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत गेलो. तिथल्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांची मोठी चित्रे आहेत. जॉर्ज कोलासो या चित्रकाराने ती १९३५ साली कामोइंश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यावरून केली. वास्को द गामाची थोरवी गाणारी ही चित्रे स्वतंत्र गोव्याने पुसून टाकली नाहीत. आजी त्यांच्यासमोर बराच वेळ उभी होती. शेवटी इतकेच म्हणाली, "ते गेले. पण चित्र चांगलं आहे." इतिहासाकडे इतक्या स्वच्छ नजरेने पाहणे आपणा शिकलेल्यांना किती जमते?

कोणी म्हणेल, खोलीत पत्ते कुटायचे आणि पुस्तके चाळायची तर त्यासाठी पणजीला कशाला जायला हवे? घरी बसावे, पैसे वाचतील. आक्षेप रास्त आहे. पण घरी बसतो कोण? बाबा कचेरीत, आई स्वयंपाकघरात, आम्ही कॉलेजात, आणि उरलेल्या वेळात प्रत्येकाचे डोके आपापल्या मोबाईलमध्ये. घरात प्रत्येकाला पळायला एक कोपरा असतो. परगावच्या एका खोलीत तो नसतो. शिवाय त्या खोलीपासून डिचोली जवळ होती. बेळगावात राहून आजी हे बोलली नसती, असे मला खात्रीने वाटते.

समुद्र पाहू नका, असे मी म्हणत नाही. तो पहाटेही असतो आणि संध्याकाळीही. संध्याकाळी एकाने आजीपाशी थांबावे, पाळीपाळीने थांबावे. दुपार मात्र सर्वांची, छपराखालची असावी. सहल म्हणजे पाहिलेल्या स्थळांची यादी हा समज आपण सोडला पाहिजे. कॉलेजच्या सहलीतही आपण सर्वांत जोरात चालणाऱ्याच्या पायाने कार्यक्रम आखतो आणि मागे राहणाऱ्याला "तू बसमध्ये थांब" म्हणून मोकळे होतो.

तेव्हा मित्रहो, पुढच्या डिसेंबरात गोव्याचा बेत ठरवाल तेव्हा कोणता किनारा हे विचारण्याआधी आजी कुठे बसणार, हे विचारा. आणि ती बसेल तिथे तुम्हीही एक दुपार बसा. तिने जे सांगितले ते लिहून आणा. आपल्या प्राध्यापकांनी ते मराठीत वा कन्नडमध्ये या नियतकालिकासाठी मागून घ्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. उशीर करून मात्र चालणार नाही. ज्यांना हे आठवते त्यांची वये आता ऐंशीच्या घरात आहेत.