शुश्रूषा आणि शेजार

मराठी शिकवणाऱ्या माणसांनी कुत्र्याच्या पिल्लाच्या हगवणीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. आम्हांलाही ते तसेच वाटत होते, म्हणून हे लेखन सात-आठ महिने लांबले. लिहिण्याचे निमित्त पिल्लू असले तरी कारण एक शब्द आहे. तो शब्द म्हणजे शुश्रूषा. त्याचा अर्धाच अर्थ आपण वापरीत आलो आहोत, असे आता आमचे मत झाले आहे.

आमच्यापैकी एकाची नोकरी साताऱ्यात, दुसरीची सांगलीत, घर साताऱ्यात. गेल्या दिवाळीच्या सुटीत तासगाव तालुक्यातील एका परिचितांच्या द्राक्षबागेतून दीड महिन्याचे एक गावठी पिल्लू आम्ही कऱ्हाडमार्गे घरी आणले. नाव ठेवले खंड्या. साताऱ्यात हे नाव सुचायला फारशी प्रतिभा लागत नाही. संगम माहुलीला सातारकर शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात शाहूंच्या आवडत्या कुत्र्याची हकीकत येते: त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, म्हणून त्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान मिळाला, एकदा तर त्याला जडजवाहीर घालून, महाराजांची पगडी चढवून दरबारात आणले गेले. असे नाव धारण करणारे आमचे पिल्लू सहाव्या दिवशी न्हाणीघराच्या कोपऱ्यात तोंड घालून बसले आणि दुधाकडे पाहीनासे झाले.

पिल्लू घेताना आम्ही विचारले होते, ‘इंजेक्शन झालंय ना?’ ‘झालंय की,’ असे उत्तर आले होते. झालेले ते ‘इंजेक्शन’ म्हणजे जंताचे औषध निघाले. यात फसवणूक कुणाचीच नव्हती. आपल्याकडे कुत्र्याचे इंजेक्शन म्हणजे पिसाळण्याविरुद्धचे इंजेक्शन, आणि तेही कुत्र्यासाठी नव्हे, आपल्यासाठी. कुत्र्याला स्वतःचे म्हणून काही आजार असतात आणि त्यांच्या वेगळ्या लसी असतात, हे पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आम्हां दोघांनाही नीट ठाऊक नव्हते.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. रात्री रक्तमिश्रित हगवण. तिच्या वासाचे वर्णन करीत नाही, पण तो वास एकदा घेतलेला माणूस पुन्हा विसरत नाही. दोन दिवस आम्ही अन्न बाधले असेल म्हणून दहीभात आणि साखरमिठाचे पाणी यांवर काढले. तिसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी विष्ठेची तपासणी करून सांगितले: पार्व्हो.

लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘लहान’ एवढाच. हा विषाणू 1978 साली जगापुढे आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. मांजरांमध्ये आधीपासून असलेल्या एका विषाणूचा हा जवळचा नातेवाईक. शरीरातील ज्या पेशी झपाट्याने वाढतात त्यांच्यावर तो हल्ला करतो: आतड्याचे अस्तर आणि हाडांतील मगज. त्यामुळे एकीकडे शरीरातले पाणी निघून जाते आणि दुसरीकडे रोगाशी झगडणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. उपचार न झाल्यास दहांपैकी नऊपर्यंत पिल्ले दगावू शकतात. वेळेवर सलाईन, उलटी थांबवणारी औषधे, प्रतिजैविके आणि ऊब मिळाली तर बहुसंख्य वाचतात. विषाणूवर थेट चालणारे औषध फार काळ नव्हतेच. 2023 मध्ये अमेरिकेत प्रतिपिंडांच्या एका औषधाला सशर्त परवानगी मिळाली. आमच्या हाती मात्र सलाईनची बाटली आणि खिडकीचा गज होता. प्रकृती आणखी बिघडलीच तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. तशी वेळ आली नाही.

पुढचे सात दिवस आम्ही जे केले त्याला शुश्रूषा म्हणतात. हा शब्द ‘श्रु’ या धातूवरून आला. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकू इच्छिणारा तो शुश्रूषू, आणि ऐकायचे तर जवळ राहावे लागते, सेवा करावी लागते, म्हणून पुढे सेवा हा अर्थ रूढ झाला. वर्गात ही व्युत्पत्ती आम्ही अनेकदा सांगितली आहे. तिचा प्रत्यय त्या आठवड्यात आला, कारण रोगी बोलतच नव्हता. हिरड्यांचा रंग पाहायचा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती परत बसायला किती वेळ लागतो ते मोजायचे. पोटाला हात लावला की तो श्वास कसा रोखतो ते ऐकायचे. हजेरीपटाच्या एका जुन्या वहीत तासागणिक नोंदी केल्या. उलटी, उलटी, हगवण, झोप, उलटी. एका रात्री दोन वाजताच्या रकान्यात ‘शेपूट हलवली’ एवढेच आहे. ती नोंद कुणाच्या अक्षरातली यावर आमच्यात अजून वाद आहे.

एका सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये विचारले, ‘माणसांना सलाईन मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यावर हजारो रुपये घालवता?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही आणि आम्ही त्याला उत्तर दिले नाही. एवढेच मनात आले, की माण-खटावचा किंवा जत-आटपाडीचा शेतकरी दुष्काळात चारा छावणीवर बैलाजवळ महिनोन्‌महिने मुक्काम करतो तेव्हा त्याला हा प्रश्न कुणी विचारीत नाही. बैल कामाचा असतो. म्हणजे आक्षेप प्राण्यावर खर्च करण्याला नसतो, निरुपयोगी प्राण्यावर करण्याला असतो. आणि भाषेत कुत्र्याइतके निरुपयोगीपण दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेले दिसत नाही. कुत्र्याचे जिणे, कुत्र्याची मौत. हालांची परिसीमा सांगायची तर ते हाल ‘कुत्रा खाणार नाही’. तोच कुत्रा पालीच्या खंडोबाच्या दारी वाघ्या म्हणून पूजनीय होतो आणि औदुंबरला दत्ताच्या पायाशी चार वेद म्हणून बसतो. या दोन टोकांच्या मध्ये, ज्याची हगवण पुसावी लागते असा कुत्रा आम्हांला आमच्या वाचनातून चटकन आठवेना.

पण आमचा मुद्दा हा नाही. मुद्दा आमच्या फाटकाबाहेरचा आहे.

फाटकाशेजारी कायम उभ्या असलेल्या एका टेम्पोखाली गल्लीतली एक कुत्री चार पिल्लांसह राहत होती. निदान होण्यापूर्वी आम्ही खंड्याला फाटकापर्यंत नेत होतो. निदानानंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की हा विषाणू माणसाला होत नाही, पण माणसाच्या चपलेवरून, कपड्यांवरून जातो. मातीत महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षभर टिकतो. साबण, फिनेल, हातावरचे सॅनिटायझर यांना जुमानत नाही. तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फरशी दहा मिनिटे ओली ठेवावी लागते. घरात आम्ही ते काटेकोर पाळले. न्हाणीघराबाहेर वेगळ्या चपला, वेगळे कपडे. ते पाहून आई म्हणाल्या, ‘हे आपलं जुनं सोवळंच की गं.’ त्यावर आम्ही त्यांना बराच वेळ समजावले: सोवळे माणसाच्या जन्मावर शिक्का मारते, विलगीकरणाला मुदत असते, एकात रोग्याला कमी लेखले जाते, दुसऱ्यात नाही. 2020 मध्ये घरोघर पोचलेल्या त्या शब्दाची बाजू आम्ही चांगली मांडली. बोलणे चोख होते. आणि त्याच दिवशी गल्लीत मात्र आम्ही कुणाला काही सांगितले नाही.

का नाही सांगितले? दोन घरांत पाळीव कुत्री होती, ते लोक रागावतील. एका शेजाऱ्यांना कुत्रीच आवडत नाहीत, त्यांना निमित्त मिळेल. ‘यांच्या घरात साथ आहे’ असे बोट रोखले जाईल. 2020 मध्ये अशी बोटे आपण सर्वांनी पाहिली आहेत. काही रोखलीही आहेत. आम्ही ‘पोट बिघडलंय’ एवढेच सांगत राहिलो.

खंड्याने आठव्या दिवशी पेजेचे दोन चमचे पोटात ठेवले. दहाव्या दिवशी टेम्पोखालचे पहिले पिल्लू गेले. त्यानंतर तीन दिवसांत आणखी दोन. चौथे वाचले.

विषाणू आमच्याकडूनच गेला हे सिद्ध करता येणार नाही. मोकाट पिल्लांना तो कुठूनही मिळू शकतो. हा युक्तिवाद बरोबर आहे, पण तो वकिलाचा युक्तिवाद आहे. आम्ही पहिल्याच दिवशी सांगितले असते तर शेजाऱ्यांनी आपापल्या कुत्र्यांच्या लसी तपासल्या असत्या, फाटकापुढची जागा ब्लीचने धुता आली असती, पिल्लांना दुसरीकडे हलवता आले असते, निदान ती आजारी पडताच कुणाच्या तरी लक्षात आले असते. संसर्गजन्य रोग्याची शुश्रूषा घराच्या उंबऱ्यात संपत नाही. तिच्यात ऐकण्याइतकेच सांगणेही येते, आणि ते अधिक अवघड असते, कारण त्यात कौतुक नसते. रात्र जागवल्याचे कौतुक आमच्या वाट्याला भरपूर आले.

शेतकऱ्यांना हे कळते. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली आणि कुणाच्या गोठ्यात गाठी दिसल्या याची चर्चा चावडीपासून दूध डेअरीपर्यंत होती. तिथे लपवणारे नव्हते असे नाही. पण लपवणे हा गुन्हा आहे हे सर्वांना मान्य होते. कुत्र्याच्या आजाराला अशी चावडी नाही. ती असायला हवी, कारण कुत्रा गावाच्या वेशीवर थांबत नाही. अमेरिकेतील सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटावर 1980 साली 50 लांडगे होते, 1982 मध्ये 14 उरले. कुणाच्या तरी पाळीव कुत्र्याबरोबर पार्व्हो बेटावर पोचला असावा, असे अभ्यासक मानतात. गीरमध्ये 2018 साली वीसहून अधिक सिंह मेले त्यामागे डिस्टेंपर हा कुत्र्यांचाच दुसरा आजार होता. आमच्या कोयना-चांदोलीच्या जंगलात कोळसून, म्हणजे रानकुत्री, आहेत आणि त्या जंगलाला लागून वाड्या-वस्त्या आहेत. तिथल्या राखणीच्या कुत्र्यांना लस कोण टोचते, हा प्रश्न सह्याद्रीच्या निसर्गवर्णनांत येत नाही.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो, ही कथा आपण सारेच शिकवतो. आम्हांला तिचा शेवट आता पूर्वीइतका पटत नाही. कुत्रा यमधर्म निघतो आणि निष्ठेचे बक्षीस मिळते. आदिपर्वाच्या आरंभाकडची दुसरी कथा आपण कमी शिकवतो. जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या एका पिल्लाला त्याचे भाऊ मारतात. पिल्लू रडत आईकडे जाते. त्याची आई सरमा थेट यज्ञमंडपात येऊन विचारते, याने हवी चाटली नाही, तिच्याकडे पाहिलेही नाही, मग का मारले? त्यावर ते काही बोलत नाहीत. तिथे सरमा कुत्रीच राहते. ती कुणी देव निघत नाही. आणि सभेत बसलेल्यांचे ते न बोलणे आम्हांला ओळखीचे वाटते.

टेम्पोखालची कुत्री पुढे बरेच दिवस आमच्या फाटकाशी येऊन बसे. तिला भाकरी हवी असणार. आम्ही मग गल्लीतल्या सात घरांत जाऊन जे झाले ते सांगितले. एका घराने अद्याप बोलणे धरलेले नाही. त्यांच्या बाजूने पाहता ते ठीकच आहे.

ती आषाढात पुन्हा व्याली. पाच पिल्ले आहेत. आमच्या फाटकापुढची माती अजून धोक्याची असू शकते, म्हणून तिला दोन घरे सोडून एका शिक्षिकेच्या मोकळ्या शेडमध्ये हलवले आहे. पिल्लांना सहा आठवडे पूर्ण होतील तेव्हा पहिली मात्रा, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, चार महिन्यांचे होईपर्यंत; आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते, म्हणून एका टोचणीवर भागत नाही. वर्गणी जमली आहे. तारखा हजेरीपटाच्या त्याच वहीत लिहिल्या आहेत. पहिली येत्या गुरुवारी.