डेसिबलपुढचा 'ए'

सण सरले की देशभरातील ध्वनिपातळीचे आकडे छापून येतात. डेसिबलपुढच्या कंसातला 'ए' मात्र कोणी वाचत नाही. सारी मेख तिथेच आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल (ए) आहे. हा 'ए' मानवी कानाच्या प्रतिसादाशी जुळतो, असे नियमांतील टीप सांगते. हे अर्धेच खरे आहे. या मापाचे मूळ फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मांडलेल्या समान प्रबलतेच्या वक्ररेषांत आहे. मंद आवाजात कान खर्जाला बराचसा बधिर असतो, म्हणून हे माप ६३ हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे २६ डेसिबल वजा करते. आवाज वाढला की कानाची ही बधिरता ओसरते. वजावट मात्र तेवढीच राहते! हळू आवाजासाठी घडवलेला तराजू आपण डीजेच्या भिंतीपुढे धरतो, आणि तावदाने थरथरत असताना यंत्राने दाखवलेला आकडा प्रमाण मानतो. खर्ज जवळजवळ पूर्ण मोजणारे 'सी' माप सरकारला अपरिचित नाही; फटाक्यांच्या मर्यादेत ते १९९९पासून आहे. मग लाउडस्पीकरच्या मर्यादेत ते का नसावे?