बंब आणि भुशाच्या कांड्या

सेलूकडील एका वाचक भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे कीं, घरांत तेरा माणसें, अंगणांत आजेसासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब, आणि वखारींत बंबफोड मिळेनाशी झालेली. तेव्हां कारखान्यांच्या बॉयलरांकरितां लांकडाच्या भुशाच्या ज्या दाबून केलेल्या कांड्या येतात, त्या बंबांत जाळण्यास कांहीं हरकत आहे काय? प्रश्न एका घराचा असला तरी तो आमच्या जिल्ह्यांतील बऱ्याच जुन्या वाड्यांचा आहे. उन्हाळ्यांत आमच्याकडे पाणी तापवावें लागत नाहीं, तें आपोआप तापतें. पण मार्गशीर्ष-पौषांत परभणीचा पारा पांच अंशांच्याहि खालीं उतरलेला वाचकांनीं वर्तमानपत्रांत वाचला असेलच. अशा दिवसांत पहांटे तेरा माणसांचें स्नान म्हणजे कांहीं लहान व्यवहार नव्हे.

ह्या कांड्यांस व्यापारी लोक 'ब्रिकेट' किंवा 'पांढरा कोळसा' म्हणतात. कांडीचा रंग चांगला तपकिरी असतो, व तिचा कोळशाशीं कांहीं संबंध नाहीं. पण नांवें ठेवणाऱ्यांस कोण अडविणार? आमचें उत्तर असें आहे कीं, कांड्या बंबांत जाळतां येतात, मात्र लांकूड जाळतों तशा त्या जाळूं नयेत. त्याचें कारण समजून घेतल्यास पुढचें सर्व आपोआप उलगडेल.

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास धूर आणि अग्नि हें उदाहरण अगदीं आरंभीं भेटतें. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. पण 'जेथें अग्नि तेथें धूर' असें कोणी म्हटलें कीं, नैयायिक त्यास जागच्या जागीं थांबवितो आणि तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढें करतो. येथें अग्नि आहे. धूर कोठें आहे? धूर होण्यास अग्नीखेरीज आणखी एक गोष्ट लागते, तिला त्यांनीं 'आर्द्रेन्धनसंयोग' म्हटलें आहे, म्हणजे ओल्या जळणाचा संबंध. पाठशाळेंत बसलेल्या पंडितांस ही गोष्ट कशी सुचली कोण जाणे. त्यांच्या घरांतील स्त्रियांस ती फुंकणी हातीं घेऊन रोज सकाळीं पटत असलीच पाहिजे. आजचें रसायनशास्त्र तींत एवढीच भर घालतें कीं, जळण कोरडें असूनहि वारा कोंडला तरी धूर होतो. बंबाचें सर्व शास्त्र ह्या दोन वाक्यांत सामावलेलें आहे.

हिशेब करूनच पाहूं. नुकत्याच तोडलेल्या बाभळीच्या एक किलो लांकडांत सुमारें चारशें ग्रॅम पाणी असतें असें धरा. म्हणजे जळण सहाशें ग्रॅमच उरलें. आणि त्यांतलीहि कांहीं उष्णता ह्या पाण्याची वाफ करण्यांत खर्च होणार. हातीं जेमतेम चोवीसशें किलोकॅलरी लागतात. कांडी करण्यापूर्वी भुसा वाळवून त्यांतील ओल शेंकडा दहा-बारावर आणावी लागते, नाहींतर कांडी धरतच नाहीं. म्हणून एक किलो कांडींतून चार हजारांच्या आसपास किलोकॅलरी मिळतात. आतां वीस लिटर पाण्याची बादली १८ अंशांवरून ४३ अंशांपर्यंत नेण्यास पांचशें किलोकॅलरी पुरतात. बंबांतील उष्णतेचा तिसरा हिस्साच पाण्यास मिळतो व बाकीची धुराड्यावाटे आकाशांत जाते असें धरलें, तरी एक किलोंत अडीच बादल्यांहून थोडें अधिकच पाणी तापतें. तेरा माणसांस पांच किलो कांड्या पुष्कळ झाल्या. विजेचा हिशेबहि येथेंच सांगून टाकूं, म्हणजे कोणी आम्हांस एकपक्षी म्हणणार नाहीं. एका युनिटांत ८६० किलोकॅलरी असतात, तेव्हां बादलीस अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. ज्या घरांत तीन-चारच माणसें आहेत त्यांनीं बंबाच्या भानगडींत पडूं नये. आणि ज्यांचें धाबें मोकळें आहे त्यांनीं सूर्याच्या उन्हावर पाणी तापविण्याचें यंत्र बसवावें. आमच्या जिल्ह्यास ऊन कमी पडत नाहीं.

भुसा जाळण्याची कल्पना आमच्याकडे नवीन नाहीं. भुशाची शेगडी कित्येक वाचकांनीं पाहिली असेल. पत्र्याच्या डब्यास तळाशीं एक भोंक पाडावयाचें, त्यांतून एक दांडकें आडवें व मधोमध एक बाटली उभी ठेवावयाची, भोंवतीं भुसा ठोकून ठोकून भरावयाचा आणि मग दोन्ही अलगद काढून घ्यावयाचीं. जो पोकळ मार्ग राहतो त्यांतून वारा खेळतो, आणि डबा तासन् तास धुमसत न राहतां नीट जळतो. ज्या कोणाच्या डोक्यांतून ही युक्ति निघाली त्याचें नांव कोणीं लिहून ठेवलें नाहीं. उलट परदेशांत भुसा तापवून वाफेच्या घणानें दाबण्याच्या युक्तीचा हक्क अमेरिकेंत १८८० सालींच नोंदलेला आहे. आणि १९३० च्या सुमारास आयडाहो प्रांतांतील लुईस्टन येथील लांकूडगिरणींत भुशाचे ओंडके दाबून विकण्यास आरंभ झाला. त्यांत गोंद किंवा चिकी घालावी लागत नाहीं. लांकडाच्या पेशींत लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. तें मोठ्या दाबाच्या उष्णतेनें मऊ होतें, कण एकमेकांस चिकटवितें व थंड झालें कीं घट्ट होतें. म्हणजे लांकडाचा गोंद लांकडांतच असतो. सुटा भुसा एक किलो घेतला तर पांच लिटरांचें भांडें भरतें. तोच दाबल्यावर लिटरभर जागाहि लागत नाहीं. चांगली कांडी पाण्यांत टाकल्यास बुडते, आणि नव्वद मिलिमीटर जाडीच्या कांडीचा वीतभर तुकडा दीड किलो भरतो.

हें वजनच बंबांत घात करतें. लांकडाच्या संवयीनें मनुष्य नळकांडें तोंडापर्यंत भरतो. पण कांड्यांमध्यें लांकडासारखी वांकडीतिकडी फट नसते; त्या एकावर एक चपखल बसतात, तापल्या कीं फुगतात, त्यांचे पापुद्रे सुटतात, आणि वाऱ्याचा मार्ग बंद होतो. मग धूर होतो, आणि लोक म्हणतात कांडी वाईट. कांडी हातोडीनें फोडून मुठीएवढे तुकडे करावे. जाळीवर आधीं तुराट्या किंवा कोरड्या ढलप्या पेटवून चांगला जाळ धरूं द्यावा, मग तीन-चार तुकडे सोडावे, आणि ते लाल झाल्याखेरीज पुढचे टाकूं नयेत. जाळीखालची राख रोज काढावी. पेटत्या कांडीस वरून ढोसूं नये; ढोसल्यास तिचा पुन्हां भुसा होऊन जाळी बुजते. रॉकेल ओतण्याची ज्यांस संवय आहे त्यांनीं ती सोडावी. बंबाच्या तोंडाशीं वांकून उभ्या असलेल्या बाईच्या पदराचा विचार तरी करावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. ज्या जुन्या बंबांत वरच्या नरसाळ्यांतून तांब्याभर थंड पाणी ओतावें तेव्हांच तोटींतून तांब्याभर ऊन पाणी येतें, ते बंब कधीं रिकामे होत नाहींत. त्यांच्या कारागिरांच्या बुद्धीचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटतें. पण ज्यांची तोटी तळाशीं आहे ते रिकामे होतात. लांकडाचा जाळ लवकर ओसरतो, कांडीचा निखारा तासाभरानंतरहि ढळढळीत असतो. रिकाम्या बंबांत तो राहिला तर सांध्यांचें डाग वितळून बंब कायमचा गळूं लागेल. शेवटच्याचें स्नान झालें कीं बंब पुन्हां भरून ठेवावा. आणि थंडी कितीहि असो, ते निखारे घमेल्यांत घालून निजण्याच्या खोलींत नेऊं नयेत. निखाऱ्यांचा विषारी वायु दिसत नाहीं व त्यास वासहि नसतो. बंद खोलींत त्यानें झोंपेंतच माणसें गेल्याच्या बातम्या दर हिंवाळ्यांत येतात.

अमेरिकेंतील खेड्यांत घराबाहेर छपराखालीं मोठा बंब ठेवण्याची चाल आहे. पोलादाची भट्टी, तिच्याभोंवतीं पाण्याचें आवरण, आणि तापलेलें पाणी जमिनीखालच्या नळांनीं घरांत फिरविलेलें. त्यानें स्नान होतें आणि खोल्याहि उबदार राहतात. कांहीं लोक त्यांतहि भुशाच्या विटा जाळतात. जळण कोरडें, साल-माती नाहीं, रचावयास सोपें, म्हणून ते त्यावर खूष असतात. परंतु ह्या बंबांचीच शेजाऱ्यांनीं पुष्कळ गाऱ्हाणीं केलीं. पाणी पुरेसें तापलें कीं यंत्र आपोआप वारा बंद करतें, आणि भट्टींतलें तोंडापर्यंतचें जळण रात्रभर धुमसत राहतें. शेवटीं तेथील केंद्रीय पर्यावरण खात्यानें २०१५ सालीं अशा बंबांच्या धुरास मर्यादा घालणारे नियम केले. आमच्याकडेहि रात्रीं बंब गच्च भरून वर झांकण ठेवणारी मंडळी आहेत. पहांटे पाणी कोंबट मिळतें खरें. पण शेजारच्या माडीवरील दमेकरी म्हाताऱ्यास त्याची किंमत द्यावी लागते.

कांडी घेतांना ती कशाची आहे हें अवश्य विचारावें. शुद्ध लांकडी भुशाची राख फारच थोडी. भाताच्या तुसाची कांडी असेल तर वजनाचा जवळजवळ पांचवा हिस्सा राखच व्हावयाची. प्लायवुड आणि रंगविलेल्या फळ्यांचा भुसा जींत आहे ती कांडी घरांत आणूंच नये. त्या डिंकांतील व रंगांतील विष धुरांत उतरतें, आणि त्या राखेनें भांडीं घांसणें तर सर्वथा वर्ज्य. कांडी पावसाळ्यांत पडवींतहि उघडी ठेवूं नये. तिला ओल लागली कीं ती सुजून भुगा होते; पुन्हां वाळविली तरी ती कांडी होत नाहीं.

आतां ज्या गोष्टीमुळें आम्हांस हा विषय केवळ बंबाचा वाटत नाहीं तिच्याकडे वळूं. परभणी जिल्ह्यांत लांकडाच्या गिरण्या त्या किती? जंगल म्हणावें तें जिंतूरकडच्या डोंगरांपुरतें. आमच्याकडे मुबलक आहे ती पऱ्हाटी. मानवत-सेलूच्या बाजारांत कापूस येतो तो सर्वांस दिसतो. पण त्याच्यामागें हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाट्या शेतांत उभ्या राहतात. त्यांचा चुरा करून कांड्या करतां येतात, आणि १९२४ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेनें ह्या कामीं पुष्कळ प्रयोग केले आहेत. केंद्र सरकारनें २०२१ सालीं औष्णिक वीजकेंद्रांस कोळशांत शेतमालाच्या गोळ्या मिसळण्याचें धोरण घालून दिल्यापासून ह्या मालास भावहि येऊं लागला आहे. शिवाय २०१७ सालच्या गुलाबी बोंडअळीनें मराठवाडा-विदर्भांत जो हाहाकार केला त्यानंतर कृषि विद्यापीठाकडून सांगण्यांत येतें कीं, फरदड घेऊं नये, डिसेंबराअखेर पीक संपवावें आणि पऱ्हाट्यांचे ढीग गोठ्यामागें रचून ठेवूं नयेत. कारण न फुटलेल्या बोंडांत अळी निजून राहते व पुढील हंगामांत उठते. तेव्हां पऱ्हाटी यंत्रांत जाणें हें शेताच्या दृष्टीनें उत्तमच आहे.

परंतु तो ढीग कोणाचा होता हेंहि पाहिलें पाहिजे. शेत मोकळें करून द्यावें आणि उपटलेली पऱ्हाटी मजुरी म्हणून घरीं न्यावी, असा व्यवहार आमच्या गांवांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. भूमिहीन बाईची वर्षाची चूल त्यावर चालते. तिच्या घरीं गॅसची टांकी आली आहे, पण ती संपल्यावर पुन्हां भरावयास एकरकमी पैसे लागतात. पऱ्हाटीस लागत नव्हते. कारखान्याची गाडी बांधावर आली कीं मालक पऱ्हाटी टनावर विकतो, आणि उपटणाऱ्या हातांस रोख मजुरी मिळते ती दोन दिवसांची. त्याच पऱ्हाटीची कांडी होऊन ती आमच्या अंगणांतील बंबांत येते व आम्ही तिला स्वस्त आणि बिनधुराची म्हणून वाखाणतों, तेव्हां ह्या स्वस्ताईंतला कांहीं भाग त्या बाईच्या चुलींतून आला आहे हें आम्हांस नाकारतां येत नाहीं. कारखाने होऊं नयेत असें आम्ही म्हणणार नाहीं. अळीचा पुळका आम्हांस नाहीं, आणि तिच्या चुलीपुढचा धूर बरा होता असेंहि नाहीं. पण आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अजून शेती आहे त्यांनीं गाडीचा सौदा करतांना मजुरीखेरीज उपटणाऱ्या बायकांचे भारे वेगळे बोलून घ्यावे, बोंडें तेवढीं तेथेंच झोडून जाळून टाकावीं, आणि हे भारे पाऊस पडण्यापूर्वी संपतील इतकेच द्यावे.