ज्यूद्वेषाला राजदूत कशाला?

द्वेष हा मनाचा विकार. त्यावर राजदूत नेमून काय होणार? जगभरच्या ज्यूद्वेषावर नजर ठेवून त्याविरुद्ध झटणारे पद अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात २००४च्या कायद्याने निर्माण झाले, तेव्हापासून हा प्रश्न तिरकसपणे विचारला जातो. राजदूताच्या दर्जाने या पदावर बसलेल्या पहिल्या व्यक्ती म्हणजे इतिहासकार डेबोरा लिपस्टॅट. २०२२ ते जानेवारी २०२५ या त्यांच्या कारकिर्दीत तर आक्षेपांना ऊतच आला. एकाच समाजाचे लाड कशाला, हे पद नुसते शोभेचे आहे, ही इस्रायलची ढाल आहे, आणि आपल्याकडचा ठेवणीतला चौथा आक्षेप: आपल्याला काय त्याचे? यांतला एकच आक्षेप अर्धा खरा आहे. म्हणून चारही नीट तपासून पाहिले पाहिजेत.

पहिला आक्षेप पक्षपाताचा. गंमत अशी, की तो आधी खुद्द अमेरिकी परराष्ट्र खात्यानेच घेतला होता. असे वेगळे कार्यालय काढले तर आपल्यावर पक्षपाताचा ठपका येईल, असे खात्याचे म्हणणे होते. विधेयकामागे होते टॉम लँटोस. हंगेरीत जन्मलेले, नाझींच्या तावडीतून वाचून पुढे अमेरिकी प्रतिनिधिगृहात पोहोचलेले. त्यांनी खात्याची हरकत मानली नाही आणि बरेच झाले. त्याच खात्यात १९९७पासून तिबेटच्या प्रश्नासाठी वेगळा समन्वयक होता आणि १९९८च्या कायद्याने धर्मस्वातंत्र्यासाठी राजदूतही नेमला जाऊ लागला होता. तेव्हा पक्षपाताची आठवण कोणाला झाली नाही. युरोपीय आयोगाने तर २०१५ साली ज्यूद्वेषासाठी एक आणि मुस्लिमद्वेषासाठी एक असे दोन समन्वयक एकदमच नेमले. एकाची दखल घेतल्याने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही.

शिवाय प्रत्येक द्वेषाची तऱ्हा वेगळी. इतर वंशद्वेष समोरच्याला हलका ठरवून थांबतात. ज्यूद्वेष ज्यूंना हलकेही ठरवतो आणि पडद्याआडून जगाची सूत्रे हलवणारे सर्वशक्तिमानही ठरवतो. २०१८ साली पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा जणांना ठार मारणाऱ्याचा राग हाच होता, की निर्वासितांना देशात आणण्यामागे ज्यू आहेत. या कारस्थानी कल्पनेचा माग काढायला तिचा इतिहास जाणणारा माणूस लागतो. ‘सर्व प्रकारच्या द्वेषाचा आम्ही निषेध करतो’ असे मोघम पत्रक काढणाऱ्याचे ते काम नाही.

दुसरा आक्षेप: ना हाती पोलीस, ना न्यायालय, मग हा राजदूत करणार काय? याचे उत्तर लिपस्टॅटबाईंच्या आधीच्या आयुष्यात आहे. नाझींनी केलेला ज्यूंचा संहार झालाच नाही असे म्हणणाऱ्यांवर त्यांनी १९९३ साली पुस्तक लिहिले. त्यात नाव आलेले ब्रिटिश लेखक डेव्हिड आयर्विंग यांनी १९९६ साली त्यांच्यावर आणि पेंग्विन प्रकाशनावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. इंग्लंडच्या कायद्यानुसार, लिहिलेले खरे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रतिवादीवर होती. लिपस्टॅट यांच्या वकिलांनी छळछावण्यांतून वाचलेल्यांना साक्षीला उभे केले नाही. त्यांच्या जखमांवर उलटतपासणीचे मीठ चोळू दिले नाही. त्याऐवजी रिचर्ड इव्हान्स या इतिहासकाराने आयर्विंग यांच्या तळटीपा एकेक करून मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. प्रत्येक ‘चूक’ हिटलरच्याच फायद्याची कशी, हे उघडे पडले. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती ग्रे यांनी आयर्विंग यांनी पुराव्यांची जाणूनबुजून मोडतोड केल्याचा निकाल दिला.

राजदूताचे कामही याच जातीचे: नोंद ठेवायची, नाव घ्यायचे, जाब विचारायचा. पदावर आल्यावर लिपस्टॅट यांच्या पहिल्या दौऱ्यात सौदी अरेबिया होता. तिथल्या शालेय पुस्तकांतल्या ज्यूविरोधी मजकुराबद्दल अमेरिकेत वर्षानुवर्षे तक्रार होत होती. त्यांच्याच कारकिर्दीत, जुलै २०२४ मध्ये, ब्यूनोस आयरेसला ज्यूद्वेषविरोधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि तीसहून अधिक देशांनी त्यांना पाठिंबा दिला. जागाही नेमकी निवडलेली: १९९४ साली याच शहरातल्या ज्यू केंद्रावरच्या बॉम्बहल्ल्यात ८५ माणसे गेली होती. ती तत्त्वे कोणावर बंधनकारक नाहीत, हे कबूल. पण ज्या सरकारने होकार दिला त्याला उद्या ‘मग तुम्ही केले काय?’ असे विचारता येते. होकारच दिला नाही, त्याला विचारणार कसे?

आता तिसरा आक्षेप, अर्धा खरा. २०१६ साली बुखारेस्टमध्ये एका आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वीकारलेली ज्यूद्वेषाची व्याख्या हे या क्षेत्रातले मुख्य साधन. तिच्यासोबतच्या अकरा उदाहरणांपैकी सात इस्रायलशी संबंधित आहेत. विद्यापीठांत बोलणाऱ्यांची तोंडे बंद करायला तिचा वापर करू नका, असे तिच्या मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न स्वतः सांगत आले आहेत. जर्मनीचे उदाहरण आणखी बोलके. तिथे २०१८ साली ज्यूद्वेषविरोधी आयुक्त झालेले फेलिक्स क्लाइन हे मुरलेले मुत्सद्दी. २०२० साली कॅमेरूनचे विचारवंत अशील म्बेम्बे यांना एका कलामहोत्सवाच्या उद्घाटनाला बोलावण्यास त्यांनी हरकत घेतली. कारण होते म्बेम्बे यांचे इस्रायलविषयक लेखन. यावर अनेक ज्यू विद्वानांनीच क्लाइन यांना बदला अशी मागणी केली. व्यासपीठावर कोणी बसावे हे ठरवायला लागलेला मुत्सद्दी सेन्सॉर होतो. इथे आक्षेपकांचे म्हणणे मान्य.

पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. पदाचा गैरवापर होतो म्हणून पदच नको म्हटले, तर जगात एकही कचेरी उरणार नाही. दुसरी रीत शक्य आहे याचा पुरावा पुन्हा लिपस्टॅटच देतात. २००६ साली ऑस्ट्रियाने संहार नाकारल्याबद्दल आयर्विंग यांना तुरुंगात टाकले, तेव्हा ज्या बाईला या माणसाने वर्षानुवर्षे कोर्टात ओढले तिनेच या शिक्षेला विरोध केला. खोट्याला पुराव्याने हरवावे, बंदीने नव्हे, ही तिची भूमिका. २०१७ साली संहार-स्मृतिदिनाच्या निवेदनातून व्हाइट हाउसने ज्यूंचा उल्लेखच गाळला, तेव्हा तिने आपल्याच देशाच्या सत्ताधाऱ्यांवर सौम्य रूपातल्या नकाराचा आरोप केला. डाव्यांमधला ज्यूद्वेष दिसला तिथेही ती गप्प बसली नाही.

उरला ‘आपल्याला काय त्याचे?’ कोकणात बेने इस्रायली ज्यू शतकानुशतके सुखाने नांदले, याचा अभिमान रास्तच आहे. पण गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याची कथाही इथलीच. ज्यू वंशाच्या या माणसाने गोव्यात १५६३ साली भारतीय औषधींवर ग्रंथ छापला. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनच्या धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईत अतिरेक्यांनी छबाड हाऊस हे ज्यू केंद्र हुडकून काढले, ते वाट चुकून नाही. आणि २००६ साली नवी मुंबईत कोणी हौसेने हिटलरच्या नावाचे उपाहारगृह काढले, तेव्हा ज्यू समाजाने आणि इस्रायलच्या वकिलातीने निषेध नोंदवल्यावरच ते नाव बदलले. तेही मुत्सद्द्यांचेच काम होते.

तेव्हा मांडणी अशी. हे पद हवे. मात्र त्याच्याकडून तीन गोष्टी मागायला हव्यात. एक, सरकार बदलले तरी ते रिकामे राहता कामा नये. २०१७पासून दोन वर्षे अमेरिकेने ते रिकामेच ठेवले, आणि पिट्सबर्गचे हत्याकांड नेमके त्याच काळातले. दोन, मित्रराष्ट्राला आणि शत्रुराष्ट्राला एकच माप. तेच माप स्वतःच्या घरालाही हवे; पण अमेरिकी राजदूताचे कार्यक्षेत्र कायद्याने देशाबाहेरचे. घरातल्या द्वेषावर बोलायला जिथे मुभा नाही, तिथे बाहेरच्या उपदेशाची धार बोथट होते. ही उणीव कायदा बदलूनच भरून निघेल. तीन, एखाद्या सरकारच्या धोरणावरची टीका आणि एका समाजाविरुद्धचा द्वेष यांतली रेघ पुरावा देऊन दाखवायची. ती दाखवता येत नसेल तर आरोप मागे घ्यायचा. या तीन अटी पाळणाऱ्या राजदूताला कोणी शोभेचा म्हणणार नाही. आणि ज्याला त्या जाचक वाटतात, त्याला या खुर्चीवर बसवू नये.