हेल्मेट घ्या, पण माप घेऊन

दिल्लीच्या करोल बागेत मोटारसायकलच्या सामानाची दुकाने एकाला लागून एक आहेत. स्कूटर दाराशी उभी करून एक जोडपे अशाच एका दुकानात शिरते. पतिराज स्वतःसाठी चार-पाच हेल्मेट डोक्यावर चढवून पाहतात, काच वर-खाली करतात, आरशात निरखतात. निघता निघता दुकानदाराला म्हणतात, ‘‘हिच्यासाठीही एक द्या, स्वस्तातले.’’

‘‘भाभीजींना कुठलेही होईल,’’ असे म्हणत दुकानदार फळीवरचे गुलाबी हेल्मेट काढून देतो. डोक्यावर न चढताच ते पिशवीत जाते.

ब्लाउज अर्धा इंच सैल झाला तरी शिंप्याकडे दोन खेपा घालणारी गृहिणी हेल्मेटच्या बाबतीत इतकी बेफिकीर का असते? याला कारण सवय. दिल्लीत स्त्रियांसाठी हेल्मेट पूर्वी ऐच्छिक होते. २०१४ मध्ये शीख स्त्रिया वगळता सर्व स्त्रियांना ते सक्तीचे झाले. कायदा बदलला, पण मागच्या सीटवरचे हेल्मेट अजूनही पोलिसाला दाखवण्यापुरतेच घेतले जाते.

सैल हेल्मेट म्हणजे धोका

हेल्मेटचे बाहेरचे कवच टणक असते, आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो. आघात झाला की हा थर स्वतः दबतो आणि डोक्याला बसणारा धक्का कमी करतो. मात्र त्यासाठी हेल्मेट डोक्यावर जागच्या जागी असायला हवे. सैल असेल तर ते पडतानाच सरकते किंवा निघून जाते. तेव्हा ‘थोडे ढिले बरे, हवा लागते’ हा सल्ला मुळीच मानू नका.

माप कसे घ्यावे?

शिवणकामाची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवरून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून ती फिरवा. दोन-तीन वेळा मोजून सर्वांत मोठा आकडा धरा. हेल्मेटवर माप बहुधा मिलिमीटरमध्ये असते. डोके ५८ सेंटिमीटर भरले तर ५८० पाहावे. (फेल्ट हॅटचा हिशेब वेगळा. तिचा ७ नंबर म्हणजे इंचातला व्यास, अर्थात सुमारे २२ इंच घेर.)

पण केवळ आकड्यावर विसंबू नका. कुणाचे डोके गोल, तर कुणाचे लांबट. त्यामुळे एकाच मापाची दोन कंपन्यांची हेल्मेट वेगवेगळी बसतात. म्हणून दुकानातच या गोष्टी तपासा :

• हेल्मेट चारही बाजूंनी घट्ट बसावे, गाल किंचित दाबले जावेत. आतला फोम वापराने दबतो, म्हणून नवे हेल्मेट जरा घट्टच हवे.

• पट्टा बांधून मान डावीकडे-उजवीकडे हलवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही सरकली पाहिजे.

• हनुवटी आणि पट्टा यांच्यात दोनच बोटे जावीत. मग मागून धरून हेल्मेट पुढे ओढायला सांगा. ते निघाले तर दुसरे पाहा.

• दहा-पंधरा मिनिटे घालून ठेवा. कपाळावर एकाच जागी दुखू लागले, तर तो आकार तुमचा नव्हे.

अंबाडा आणि कानटोपी

उंच अंबाडा किंवा मोठा क्लिप यांवर हेल्मेट टेकले की ते कपाळावरून वर उचलले जाते. केस मानेशी खाली बांधावेत किंवा सैल वेणी घालावी. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या जानेवारीतल्या थंडीत हेल्मेटखाली जाड लोकरी टोपी घातली जाते. तीही नकोच. पातळ कापडी टोपी घ्यावी आणि हेल्मेट निवडताना तीच घालून पाहावे.

मुलांचे काय?

बाबांचे जुने हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे निव्वळ समाधान. २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालाही डोक्याला नीट बसणारे हेल्मेट हवे. चार वर्षांखालील मूल चालकाला सेफ्टी हार्नेसने बांधलेले असावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. मुलांची डोकी वाढतात, म्हणून माप अधूनमधून पुन्हा घ्यावे.

आयएसआय चिन्ह पाहिल्याशिवाय हेल्मेट घेऊ नका. दुचाकीस्वारांसाठी ते १ जून २०२१ पासून देशभर बंधनकारक आहे. जोरदार आघात झालेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे, कारण आतला दबलेला थर पुन्हा फुगत नाही.

पुढच्या वेळी दुकानात जाताना पर्समध्ये टेप असू द्या. आणि ‘भाभीजींना कुठलेही होईल’ असे कुणी म्हणालेच, तर आरशासमोर आधी तुम्ही उभ्या राहा.