बसमार्ग पुसायला एक कागद पुरतो

मुंबईत पहिली ट्राम धावली ९ मे १८७४ रोजी. घोडे ओढत तिला. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीलाच. २०२५ साली याच ९ मे या तारखेला बेस्टच्या बसचं किमान भाडं पाच रुपयांवरून दहा झालं. निव्वळ योगायोग, पण हिशेब मांडायला बरा. तेव्हा कुलाबा ते पायधुणी तीन आणे पडत आणि उतारू वाढल्यावर कंपनीने ते दोन आणे केले. नफ्यासाठी निघालेल्या कंपनीला भाडं उतरवणं परवडलं. आपल्याला दुपटीने चढवावं लागलं.

तरीही माझी तक्रार भाड्याची नाही. दहा रुपये द्यायला आधी बस तर यायला हवी!

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो. वडीलही कंडक्टरच, पण ट्रामवर. आमची खोली लालबागला. ट्रामच्या गोष्टी मी ऐकल्या त्या त्यांच्याकडून, आणि त्यात हळहळ कमी, कुरकुर जास्त असे. शेवटच्या थांब्यावर पोचलं की दोरी ओढून तारेवरचा दांडा उलट्या बाजूला फिरवायचा, पावसाळ्यात चिंब भिजत. ड्रायव्हर पायाने घंटा बडवून दमायचा, तरी पुढचा हातगाडीवाला रुळावरून हटायचा नाही. एक ट्राम बंद पडली की मागे रांग लागायची, कारण बाजूने काढायला वाटच नसे. उतारूंना भर रस्त्यात उतरावं लागे. तेव्हा ट्राम गेली ती काही कुणाच्या दुष्टाव्याने गेली असं मी म्हणणार नाही.

विजेची ट्राम आली ७ मे १९०७ रोजी, दुमजली ट्राम १९२० साली. पहिली बस सुटली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. सुरुवातीला बस म्हणजे जरा खिसा गरम असलेल्यांचं वाहन. गिरणीतला माणूस, भाजीची पाटी घेतलेली बाई यांची ट्रामच. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सगळा कारभार महापालिकेकडे आला. पुढे ट्रामचे मार्ग एकेक करत मिटले आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. वडील बसवर आले. बस खड्डा चुकवते, मोर्चा असला तर गल्लीतून जाते, नवी वस्ती झाली तर तिथवर पोचते. हे सगळं त्यांना मान्य होतं. पण एक वाक्य ते नेहमी ऐकवायचे : "बस वळते हे खरं, पण उद्या ती कुठूनही वळवतील."

त्यांचं म्हणणं मला नोकरीत असताना नीट कळलं नव्हतं, आता थांब्यावर उभं राहिल्यावर कळतं. ट्रामचा मार्ग बंद करायचा तर तारा उतरवाव्या लागत, रूळ उखडावे नाहीतर डांबराखाली गाडावे लागत. सगळ्या शहराला ते दिसे. बसचा मार्ग बंद करायला एक कागद पुरतो. परिपत्रक निघतं, नंबर गळतो, थांब्याची पाटी मात्र तशीच राहते. परळला केईएम नाहीतर टाटा रुग्णालयात निघालेला माणूस त्या पाटीखाली उभा असतो. कुणीतरी सांगतं, "काका, ती गाडी आता येत नाही." मग शेअर टॅक्सी, नाहीतर पायपीट.

बेस्टच्या स्वतःच्या गाड्या आता काहीशेच उरल्या आहेत, बाकी कंत्राटदारांच्या. एखाद्या कंत्राटदाराने अंग काढून घेतलं की त्याच्या गाड्या रस्त्यावरून जातात, त्यांच्यावर विसंबलेली माणसं तिथेच राहतात. वर्षानुवर्षं बेस्टच्याच वीजपुरवठ्याच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघत होता. तो आधार गेला आणि बस 'तोट्यातली' ठरली. रस्ता, पूल, फूटपाथ यांना कुणी नफा विचारत नाही. बसलाच का विचारतात?

कोलकात्यात १८७३ पासूनची ट्राम गुंडाळून एक छोटा वारसामार्ग तेवढा ठेवण्याचं सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलं. तिथे ट्राम वाचवायला माणसं हायकोर्टात गेली. डोळ्यांसमोर रूळ होते, म्हणून काय जातंय ते दिसत होतं. बसमार्ग जातो तेव्हा थांब्यावरची चार माणसं चरफडतात आणि पांगतात.

ट्राम परत आणा असं मी म्हणत नाही. अरुंद रस्त्यात आणि आजच्या गर्दीत ती कशी चालेल, हे ट्रामवाल्याच्या मुलाला कुणी सांगायला नको. पण रुळांमुळे उतारूला दोन गोष्टी मिळत होत्या : मार्ग सहजासहजी हलणार नाही ही खात्री आणि रस्त्याच्या मधोमध हक्काची जागा. ट्राम काढताना बसने पहिली गोष्ट देऊ केली नाही आणि दुसरी मोटारींनी घेतली. आज बस त्याच मोटारींमागे अडकते आणि उशिराचा ठपका तिच्यावरच येतो.

या दोन्ही गोष्टी रूळ न टाकताही देता येतील. कोणताही बसमार्ग बंद करण्याआधी किंवा तोडण्याआधी महिनाभर त्याच्या प्रत्येक थांब्यावर मराठीत सूचना लावा आणि वॉर्ड ऑफिसात लोकांचं म्हणणं ऐकून घ्या. मोठ्या रस्त्यांवर बसची मार्गिका आखा आणि तीत घुसणाऱ्या मोटारीला दंड करा. महापालिकेत निवडून गेलेल्यांना हे करायला नवा कायदा लागेल असं वाटत नाही, इच्छा लागेल. आणि वाचकहो, तुमच्या थांब्यावरचा नंबर गळाला तर टॅक्सीला हात करण्याआधी तुमच्या नगरसेवकाला दोन ओळींचं पत्र लिहा. मार्ग कागदावर पुसला जात असेल, तर विरोधही कागदावर नोंदलेला हवा.